घमेलंभर कार्बन

नवनीत पाटलांनी हवेतला कार्बन पकडून जमिनीत पुरायचं ठरवलं, त्यात पृथ्वी वाचवण्याचा त्यांचा काही विचार नव्हता. त्यांना वांग्याची चार झाडं वाचवायची होती. पण हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही, आणि पुढचं सगळं रामायण त्या न सांगण्यातून घडलं.

झाडं विहिरीजवळच्या तुकड्यात होती. त्यांच्या बायकोने, शीलाबाईंनी, ती आषाढात लावली आणि गणपतीच्या आधी त्या गेल्या. वांगी भरताची. हिरवी, पांढुरक्या रेघांची, एक वांगं ठेवलं तर ताटात भाकरीला जागा उरायची नाही. बी शीलाबाईंच्या माहेरचं. दरवर्षी त्या एक वांगं झाडावरच पिकू द्यायच्या, त्याचं बी काढून राखेत घोळून डब्यात ठेवायच्या. यंदा डब्यातलं बी जमिनीत गेलं होतं आणि पुढचं काढणारी बाई राहिली नव्हती. नवनीतभाऊंना कपाशीचं बी माहीत; ते दुकानात पाकिटात मिळतं. विहिरीजवळचा तुकडा हा बायकोचा मुलूख. तिथे ते इतकी वर्षं फक्त मोटर चालू करायला जात.

दिवाळीनंतर झाडं पिवळी पडायला लागली. माती मुरमाड, पाणी घातलं की खाली पळून जायचं. चार झाडांत मिळून एकच धड वांगं धरलेलं. ते पिकेपर्यंत झाड तगलं नाही तर शीलाबाईंच्या हातचं म्हणावं असं घरात काही उरणार नव्हतं. साड्या होत्या, पण साड्या लेकीने नेल्या. फोटो होता, पण फोटो काही उगवत नाही.

आता ब्राह्मणपुरीचा पाटील माणूस चार वांग्यांसाठी कासावीस झालाय, हे शेजारच्या भिला आप्पांना कळलं असतं तर ती बातमी संध्याकाळपर्यंत शहाद्यात आणि दुसऱ्या दिवशी अक्कलकुव्याच्या बाजारात पोचली असती. म्हणून नवनीतभाऊ गुपचूप कृषी सहायक यामिनी मॅडमना भेटले. मॅडम धुळ्याच्या, वयाने त्यांच्या लेकीएवढ्या, आणि त्यांच्या मोबाईलमध्ये इतकी शासकीय अॅप होती की फोन लावायला जागा शोधावी लागे.

"मॅडम, माती पाणी धरून ठेवेल असं काही औषध आहे का?"

"औषध कशाला काका? जैवकोळसा टाका. कपाशीच्या काड्या कमी हवेत जाळायच्या. राख होत नाही, कोळसा होतो. तो मातीत टाकला की पाणी धरतो, मुळं सुधारतात. शिवाय काड्यांमधला कार्बन शेकडो वर्षं जमिनीत राहतो, परत हवेत जात नाही. त्याला आता सरकार अनुदान देतंय."

"मला घमेलंभर मिळेल का?"

मॅडमनी त्यांच्याकडे फार दयेने पाहिलं. "घमेलंभर मिळत नाही काका. योजना मिळते."

माणसाने तिथेच राम राम करून घरी यायला हवं होतं. पण झाडं पिवळी पडत होती. नवनीतभाऊंनी योजना घेतली.

पहिली अडचण पोर्टलवर आली. विहिरीचा तुकडा शीलाबाईंच्या नावावर होता, कारण बाईच्या नावाने घेतला तर मुद्रांक शुल्कात सूट मिळत होती. त्या वेळी या हुशारीबद्दल नवनीतभाऊंनी आठवडाभर मिशीवर हात फिरवला होता. आता मॅडमनी गट नंबर टाकल्याबरोबर पोर्टलने फर्मावलं की लाभार्थीने कॅमेऱ्यासमोर यावं आणि डोळे मिचकवावेत.

मॅडम वाचून गप्प झाल्या. मोबाईल मात्र गप्प होईना. "कृपया डोळे मिचकवा," असं तो बाईच्या गोड आवाजात म्हणत राहिला. नवनीतभाऊ खिडकीबाहेर बघत राहिले. शेवटी मॅडमनी फोन बंदच केला.

वारस नोंदीसाठी ते तलाठ्यांकडे गेले. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं. नाव लांब झालं, पण त्यांची भेट काही जवळ आली नाही. एकदा ते पीक पाहणीला गेले होते, एकदा सर्व्हर गेला होता, आणि एकदा दोघंही जागेवर होते तर वीज गेली. शेवटी मॅडमनीच तोड काढली. "काका, तुमच्या नावावरचा कपाशीचा गट टाकू. भट्टी तिथे, कोळसाही तिथेच. फक्त एक लक्षात ठेवा, झालेला सगळा कोळसा त्याच गटात गेला पाहिजे. फोटोसकट. बाहेर गेला तर हिशेबात गळती धरतात."

म्हणजे ज्या झाडांसाठी हा उपद्व्याप, ती सोडून बाकी सगळीकडे कोळसा टाकायला सरकार पैसे देणार होतं. नवनीतभाऊंनी सही केली. घमेलंभर गळती झाली तर कोणाला दिसतंय, असा त्यांचा हिशेब होता. एवढं एकच गणित त्यांनी या प्रकरणात स्वतः केलं आणि ते चुकलं.

गावात बातमी फुटली. भिला आप्पा सकाळीच ओट्यावर येऊन बसले.

"नवनीत, हाई कार्बननं काय काढं रे तू? कार्बन काय तुन्हा बापनं देनं लागस?"

"पर्यावरण शे आप्पा. तापमान वाढी ऱ्हायनं."

"आते थंडी शे. मी स्वेटर घाली ऱ्हायनू."

"जगनं तापमान, आप्पा."

"जगनं जग दखी. तू तुन्हं दख. वहिनी गयी तव्हयपासून नीट जेवस नही, आनि चालना जग वाचाडाले." आप्पांनी चहाची बशी संपवली. "सरकार हवाना पैसा दी ऱ्हायनं म्हनतस. आज हवाना दी, उद्या सावलीना बी दी. ले, ले. मी काय नही म्हनत नही."

असं म्हणून आप्पा त्याच दिवसापासून या कामाचे सल्लागार झाले. त्यांना कोणी नेमलं नव्हतं, त्यामुळे काढताही येईना.

भट्टी शहाद्याच्या शकील मिस्त्रींनी केली. शकीलभाई पाण्याच्या टाक्या आणि लग्नातल्या आचाऱ्यांच्या शेगड्या बनवतात. मॅडमनी दिलेलं चित्र त्यांनी उलटं धरून पाहिलं, सुलटं धरून पाहिलं, आणि म्हणाले, "भाऊ, हाई ते आभाळकडे तोंड करेल भोंगा शे."

"तशीच पाहिजे. वरती रुंद, खाली निमुळती."

"बनाडी देसू. पन एक सांगस. लोखंड मन्हं, कार्बन तुम्हना. लोखंडमा गळती निंघनी ते मी जवाबदार. कार्बनमा निंघनी ते तुम्हीन आनि सरकार दखी ल्या."

भट्टी ट्रॅक्टरवरून गावात आली तेव्हा लहान पोरं मागे धावली, आणि कोणाच्या तरी घरी लग्न निघालं असं समजून दोन बायकांनी चौकशीही केली.

पहिल्या दिवशी सूचना अशी होती की काड्या भरून वरून पेटवायच्या. जाळ वर राहतो, खालच्या काड्यांना हवा मिळत नाही, कोळसा होतो. नवनीतभाऊ वरून काडी लावायला गेले तसा आप्पांनी हात धरला.

"इस्तो खालथीन लावतस, नवनीत. चुल्हा वरथीन पेटस का कोठे?"

"मॅडमनी वरथीन लावाले सांगेल शे."

"मॅडमना घर गॅस शे."

 आप्पांनी वरच्या काड्या उपसून तळाशी पेटता बोळा सारला. जाळ असा उठला की शेजारच्या वावरातली माणसं बादल्या घेऊन धावली. कोणीतरी फोन केला की नवनीत पाटील शेतात काड्या जाळतोय, आणि ग्रामसेवक मोटारसायकलवर येऊन शेतात काडीकचरा जाळू नये याबद्दलचं पत्रक वाचून गेले. भट्टीत उरली पांढरी राख. सगळा कार्बन एका झटक्यात हवेत परत गेला, आणि वर ग्रामसेवकांचं पेट्रोलही जळलं. राखेच्या ढिगाचा फोटो पाहून मॅडमनी उत्तरात फक्त हात जोडलेलं चित्र पाठवलं.

दुसऱ्या खेपेला कोळसा झाला, पण वेळेवर पाणी मारून विझवायचं राहिलं आणि त्याचीही राख झाली. पाणी मारणारे आप्पा होते आणि ते चहा प्यायला गेले होते. तिसऱ्या खेपेला नवनीतभाऊंनी आप्पांना मुद्दाम शहाद्याला स्प्रिंग आणायला पाठवलं. कसली स्प्रिंग ते त्यांनाही माहीत नव्हतं, पण आप्पा परत येईपर्यंत भट्टीभर काळा, हलका, हातात चुरचुरणारा कोळसा तयार होता.

त्या संध्याकाळी नवनीतभाऊंनी त्यातला घमेलंभर कोळसा शेणखतात कालवला, वर टॉवेल टाकला आणि चोरासारखे विहिरीकडे गेले. स्वतःच्या शेतातला स्वतःचा कोळसा स्वतःच्या बायकोच्या झाडांना घालताना इतकं चोरटं वाटतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. झाडांच्या बुडाशी त्यांनी तो हातांनी मिसळला. शीलाबाई बसायच्या तसंच उकिडवं बसून. गुडघे दुखले. बायको इतकी वर्षं अशी बसत होती आणि गुडघ्यांबद्दल बोलली की आपण तेल चोळ म्हणायचो, हे त्यांना आठवलं. 

आणि झाडं सुधारली. कोळशाने, खताने की रोज दोनदा जाऊन बघण्याने, देव जाणे. नवी पानं आली, दुसरं वांगं मात्र काही धरलं नाही. ते एक वांगं फुगून मुलाच्या डोक्याएवढं झालं. नवनीतभाऊ ते कधी पिवळं पडतं याची वाट बघत होते. आता सगळं ठीक होणार, एवढ्यात तपासणी आली.

पैसे सुटायचे तर कार्बन खरंच पुरला का, हे बघायला पुण्याहून साहेब येणार होते. साहेब शेतात येणार, तेही ऐन थंडीत, म्हटल्यावर गावाला दुसरा विचार सुचलाच नाही. आमच्याकडे थंडीत पाहुणा वावरात आला आणि त्याला कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याचं भरीत मिळालं नाही, तर तो पाहुणा आलाच नाही असं धरतात. आप्पांनी बाजारातून वांग्यांचं पोतं आणलं. त्यांच्या पत्नी तापीबाई गल्लीतल्या बायकांना घेऊन आल्या. कळण्याच्या भाकरी, कांद्याची पात, ठेचायला लसूण-मिरची, शेंगदाणे, आणि भरीत कुटायची द्रोणासारखी लाकडी बडगी. भट्टी आयतीच होती. कार्बनच्या भट्टीत वांगी भाजली तर कार्बनचं काय होतं, हा प्रश्न कोणालाच पडला नाही.

साहेब सकाळी येणार होते. ते नवापूर तालुक्यातली दुसरी भट्टी बघून निघाले आणि विसरवाडीला ट्रकांच्या रांगेत अडकले. दुपार झाली. भरीत तयार, वास सगळ्या शिवारात. पाहुण्यांची वाट बघत नुसती चव बघावी म्हणून गावाने सुरुवात केली. चव इतक्या लोकांनी पाहिली की साहेबांची गाडी बांधावर लागली तेव्हा बडगी पुसून घेतलेली होती.

आप्पांचं तोंड पडलं. पण ते हार मानणारे नव्हेत. नवनीतभाऊ साहेबांना आणि मॅडमना भट्टी पेटवून दाखवत होते, काड्यांचे थर देत होते, साहेब मोबाईलवर चित्रीकरण करत होते, तेवढ्यात आप्पा कुठूनतरी धोतराच्या सोग्यात काहीतरी घेऊन आले आणि भट्टीतल्या निखाऱ्यांवर त्यांनी ते अलगद ठेवलं.

"घाबरू नका साहेब, तुम्हना वाटानं भरीत आते व्हयी जाई. नवनीत, तू ते येवढं मोठं वांगं लपाडी ठेयेल व्हतं रे! ईरीपान!"

विहिरीचं नाव ऐकून नवनीतभाऊंनी वळून पाहिलं. साल काळी पडायला लागली होती, पण देठाजवळच्या पांढुरक्या रेघा अजून दिसत होत्या.

पुढचं सगळं साहेबांच्या मोबाईलमध्ये आहे. नवनीत पाटील ओरडले नाहीत. त्यांनी सरळ भट्टीत हात घातला, वांगं बाहेर ओढलं, हात भाजला म्हणून वांगं पाण्याच्या पिंपात टाकायला गेले, पाय घसरला, पिंप कलंडलं, आणि सगळं पाणी धाडकन भट्टीत गेलं. वाफेचा असा ढग उठला की साहेब, मॅडम आणि आप्पा दिसेनासे झाले. ढगातून साहेबांचा खोकला आणि मग आवाज आला, "वा! कोळसा विझवण्याची वेळ अगदी अचूक साधली."

वाफ निवळली तेव्हा नवनीतभाऊ चिखलात बसले होते. मांडीवर अर्धवट भाजलेलं वांगं.

"काय व्हयनं रे?" आप्पा घाबरले. "येक वांगासाठे हात जाळी लिधा?"

"ते शीलानं वांगं शे, आप्पा," नवनीतभाऊ म्हणाले. "बियासाठे ठेयेल व्हतं. शेवटनं." मग त्यांना जे बोलायचं नव्हतं ते सगळं ते बोलून बसले. झाडं, पिवळी पानं, घमेलं, योजना. जगाच्या तापमानाचा त्यात कुठे उल्लेख नव्हता.

कोणी हसलं नाही. आप्पांनी टोपी काढून हातात घेतली.  मग आपल्या मित्रासाठी काहीतरी करावं म्हणून ते साहेबांकडे वळले. "साहेब, दखा, कितला इमानदार मानूस शे. तुम्हना कोळसा त्यानी वांगासले बी टाकेल शे. ईरीपान चाला, दाखाडस. काळीभोर माती शे. त्याना जास्तीना पैसा द्या."

मॅडमनी कपाळावर हात मारला. साहेबांनी मोबाईलवर काहीतरी लिहिलं.

तापीबाई पुढे आल्या. त्यांनी वांगं उचललं, देठाकडून चिरून पाहिलं आणि नवनीतभाऊंच्या पुढे धरलं. "हाई दखा. बी पांढरं शे, कवळं. अजून महिनाभर झाडवर ऱ्हातं तव्हय पिकतं. आनि भाऊ, तुमले कोनी सांगं, हाई शेवटनं शे म्हनीसन?"

"डबा रिकामा शे, वहिनी."

"तुम्हना डबा रिकामा शे. मन्हा घर भरेल शे. कमलबाईकडे शे. कौसाबाईनी ते पोरले सासरी बी धाडेल शे." तापीबाईंचा आवाज चढत गेला. "बी कोनी येकच घरमा ठेवस का? आग लागनी, उंदीर पडना, मानूस गयं, मंग काय करशात? शीला दर साल बी काढे आनि आम्हले वाटे. आम्हना परसमा जी वांगी शेतस ना, त्यासले आम्हीन शीलानी वांगीच म्हनतस. तुम्हीन इचारं का कधी?"

नवनीतभाऊंनी विचारलं नव्हतं. एका भिंतीपलीकडे बायकोची वांगी लागली होती आणि ते पोर्टलवर बसले होते.

"आप्पा, तुमले माहीत व्हतं?" त्यांनी विचारलं.

"मी वांगं खास," आप्पा म्हणाले. "त्यानं नाव इचारत नही."

तापीबाईंनी तेवढ्यात बाजूला चार कोरड्या काड्या पेटवून ते अर्धवट भाजलेलं वांगं त्यांवर परत ठेवलं. "भाजेल वांगं फेकतस नही," त्या म्हणाल्या. पूर्ण भाजल्यावर सोलून, बडगीत टाकून त्यांनी चार हात मारले. साहेबांना वाढलं, मॅडमना वाढलं, आणि शेवटी नवनीतभाऊंच्या पानात घातलं. त्यांचा उजवा हात ओल्या फडक्यात गुंडाळलेला होता. डाव्या हाताने जेवावं की नाही हे त्यांना कळेना, तेव्हा आप्पांनी भाकरी मोडून घास त्यांच्या तोंडासमोर धरला. दोन मोठी माणसं, मिशीवाली, गावासमोर. नवनीतभाऊंनी तो खाल्ला. शीलाबाई गेल्यापासून त्यांनी भरीत खाल्लं नव्हतं. तिखट जास्त होतं, म्हणून डोळ्यांत पाणी आलं असं सगळ्यांनी मिळून धरलं.

साहेबांनी दुसऱ्यांदा मागून घेतलं. त्यांचा अहवाल मात्र भरताने बदलला नाही. कोळसा नोंदणीबाहेरच्या जमिनीत वापरला, भट्टीचा उपयोग खाद्यपदार्थांसाठी केला, प्रकरण त्रुटीत. पैसे वारस नोंद झाल्यावर, फेरतपासणीनंतर, निधी उपलब्ध असल्यास. तोपर्यंत उरलेला कोळसा जपून ठेवावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तापीबाई कागदाच्या पुडीत बी घेऊन आल्या. नवनीतभाऊंनी हात पुढे केला तशी त्यांनी पुडी मागे घेतली.

"बी रिकामा हातनं लेतस नही, भाऊ. काहीतरी देनं पडस. शीला मन्हाकडथीन दर साल मेथीनं बी लयी जाये, तव्हय मूठभर दादर टाकी जाये."

घरात दादर ज्वारी नव्हती. शीलाबाई गेल्यापासून ज्वारी भरलीच नव्हती, डबा लेकीने धुऊन उलटा ठेवला होता. नवनीतभाऊंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि शेवटी साहेबांनी जपायला सांगितलेल्या कोळशातला घमेलंभर ओट्याखालच्या पोत्यातून काढून दिला. "वांगासले टाका. पानी धरस."

तापीबाईंनी तो बोटांत चुरून पाहिला आणि घेऊन गेल्या. त्यांच्या मागून कमलबाई आल्या. त्यांच्या मागून कौसाबाई, पुडीबरोबर घमेलं स्वतःचंच घेऊन. दुपारपर्यंत गल्लीतल्या ज्या घरांत शीलाबाईंचं बी होतं त्या सगळ्या घरांतून पुड्या आल्या, आणि ज्यांच्याकडे बी नव्हतं त्यांनी गवारीचं आणलं. नवनीतभाऊंकडे इतकं बी जमलं की डबा पुरेना. राखेत घोळायचं कसं, हे तापीबाईंनी त्यांना दोनदा दाखवलं, कारण पहिल्यांदा त्यांनी राख घातली आणि बी बाहेर राहिलं.

आठवड्याने यामिनी मॅडमचा फोन आला. वारस नोंद झाली होती, फेरतपासणीची तारीख लागली होती, आवाजात आनंद होता. "काका, आता अडचण नाही. फक्त शिल्लक कोळशाचा फोटो टाका. आहे ना सगळा?"

नवनीतभाऊंनी ओट्याखाली पाहिलं. रिकामी पोती घडी घालून ठेवली होती.

"नाही मॅडम."

"अहो, मग गेला कुठे?"

"जमिनीत गेला," नवनीतभाऊ म्हणाले. भिंतीपलीकडे तापीबाई परसात पाणी घालत होत्या. मातीत पाणी मुरल्याचा आवाज इथपर्यंत येत होता. "सरकारला पाहिजे होता तिथेच गेला. फक्त कोणाकोणाच्या, ते विचारू नका."